त्यांना ते इंजेक्शन मिळाले, आम्हाला का नाही?

कोरोनाची साथ ओसरून वर्षे झाली, तरी आमच्या पापडीत एक हळहळ अजून कानावर येते : "त्यांच्या अब्बांना रेमडेसिविर मिळालं, आमच्या अब्बांसाठी आम्ही आणू शकलो नाही." आजार एकच, पण एका रुग्णालयात एक औषध, दुसऱ्यात दुसरे. जे गेले त्यांची मुले आजही स्वतःला दोष देतात. म्हणून या वेळी हाच विषय घेत आहोत.

उपचार वेगळे असण्याचे पहिले कारण म्हणजे रुग्णाची अवस्था. डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त स्टेरॉइड. जून 2020 मध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीचा निकाल आला. व्हेंटिलेटरवरील रुग्णांमधील मृत्यू या औषधाने सुमारे एक तृतीयांशाने घटले, ऑक्सिजनवरील रुग्णांमधील एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना मात्र काहीच फायदा झाला नाही. म्हणजे एकाच वॉर्डात एकाला स्टेरॉइड देणे आणि शेजारच्याला न देणे, दोन्ही बरोबर असू शकते. शिवाय स्टेरॉइडने साखर वाढते. 2021 मध्ये काळ्या बुरशीने मधुमेही रुग्णांना गाठले, त्यामागे स्टेरॉइडचा बेसुमार वापर हेही एक कारण होते.

दुसरे कारण तारखेचे. आजार नवा होता आणि डॉक्टरही शिकत होते. जून 2020 अखेर महाराष्ट्र सरकारने प्लाझ्मा उपचाराचा मोठा प्रकल्प सुरू केला. बरे झालेल्या अनेकांनी नेकीचे काम म्हणून प्लाझ्मा दिला. पण आयसीएमआरने 39 रुग्णालयांत 464 रुग्णांवर केलेल्या चाचणीत त्याने ना आजार बळावणे थांबले, ना मृत्यू घटले. मे 2021 मध्ये प्लाझ्मा राष्ट्रीय उपचारसूचीतून वगळला गेला. देणाऱ्यांची नियत खरी होती, उपाय तेवढा लागू पडला नाही.

तिसरे कारण, राज्याराज्यांचे निर्णय. मे 2021 मध्ये गोवा सरकारने सर्व प्रौढांना आयव्हरमेक्टिन देण्याचे जाहीर केले. त्याच काळात जागतिक आरोग्य संघटना सांगत होती की, चाचण्यांबाहेर हे औषध वापरू नका.

आता रेमडेसिविर. नोव्हेंबर 2020 मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णालयातील रुग्णांना ते देऊ नये असा सल्ला दिला होता. पुढच्या अभ्यासांत काही रुग्णांना थोडा उपयोग दिसला आणि सल्लाही बदलला. पण व्हेंटिलेटरवरील रुग्णांना फायदा दिसला नाही. ती संजीवनी नव्हती. एप्रिल 2021 मध्ये लोक रात्रभर रांगेत उभे राहिले, काहींनी दागिने मोडून काळ्या बाजारात पैसे मोजले. ज्यांना ते मिळाले नाही, त्यांनी "आमच्यामुळे अब्बा गेले" हा बोजा उरावरून उतरवावा.

पुढे घरात कोणीही आजारी पडो, डॉक्टरांना तीन गोष्टी अदबीने विचाराव्यात : हे औषध कशासाठी? आमच्या रुग्णाच्या आजच्या अवस्थेत त्याची गरज आहे का? त्याचा त्रास काय होऊ शकतो? अम्मीला साखर असेल तर ते आधी सांगावे. डिस्चार्जचे कागद जपून ठेवावेत. आणि शेजारच्या खाटेवरचे औषध पाहून, "आम्हालाही तेच द्या" असा हट्ट धरू नये.