'वोल्यो' नको, 'वोर्रेई' लिहा



लेक मिलानला राहायला गेली तेव्हापासून मी थोडं थोडं इटालियन शिकते आहे. त्यामुळे ओळखीतलं कोणी तिकडे फिरायला निघालं, की मुक्कामाच्या ठिकाणी चौकशीचा संदेश लिहायचं काम माझ्याकडे येतं. "काकू, दोन ओळी लिहा ना, जैन जेवण मिळेल का विचारा." माझं मत असं, की हे दोन ओळींत विचारूच नये.

'मला हवंय' याला तिकडे 'वोल्यो' म्हणतात, पण अनोळखी माणसाला तसं लिहिलं तर हुकूम सोडल्यासारखं वाटतं. लिहायचं 'वोर्रेई'. बोलताना 'वोलेवो'सुद्धा चालतं, आणि ते तर थेट आपल्या 'पाव किलो साखर हवी होती' सारखं! हवी आत्ता असते, पण आपण भूतकाळात मागतो.

दुसरं म्हणजे 'लेई'. या शब्दाचा मूळ अर्थ 'ती'. आदराने बोलताना समोर पुरुष असला तरी 'लेई'च, आणि क्रियापदही 'ती'चंच. फोनमधलं भाषांतर पुष्कळदा 'तू'वर घसरतं. सत्तरीच्या मालकीणबाईंना "तू सांगतेस का" असं आपल्या नावाने जावं, हे मला पटत नाही. 'सांगू शकाल का' यासाठी 'पोत्रेब्बे दिर्मी' लिहा. सुरुवात 'बुओनजोर्नो'ने, शेवट 'कोर्दियाली सालूती'ने. आम्हाला बी.कॉम.ला व्यापारी पत्रव्यवहार होता, तेव्हा कंटाळा यायचा. आता त्याचाच उपयोग होतो.

पण नुसतं गोड लिहून भागत नाही. खरी सभ्यता नेमकं विचारण्यात आहे, असं मला वाटतं. 'वेजेतारियानो आहे का?' विचारलं की 'सी', म्हणजे हो, असं उत्तर येतं. समोरचा खोटं बोलत नाही, त्याच्या हिशेबाने ते शाकाहारीच असतं. पण पार्मिज्यानो रेज्यानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे 'काल्यो'ने, दूध विरजून करतात. बोलोन्याकडच्या ताज्या पास्त्यात अंडं असतं. रोमान्यातल्या पियादिना नावाच्या पोळीत पारंपरिक पद्धतीने 'स्त्रुत्तो', म्हणजे डुकराची चरबी घालतात. पान्ना कोत्ता घट्ट होते ती जिलेटिनने. मिनेस्त्रोने सूप भाज्यांचं खरं, पण त्याची सुरुवातच कांदा-गाजर परतून होते. आता 'जैन' या एका शब्दावरून तिथल्या आचाऱ्याने हे सगळं ओळखावं, ही अपेक्षा मला उद्धटपणाची वाटते, मग वर कितीही 'ग्रात्सिए' लावा.

म्हणून मी पदार्थांची नावं लिहिते. काल्यो, अंडं, स्त्रुत्तो, कांदा, लसूण, बटाटा, गाजर यांतलं काय टाळता येईल, एवढंच विचारते. आमचं तत्त्वज्ञान सांगत बसत नाही. रात्रीचं जेवण सूर्यास्ताआधी हवं असेल तर वेळ आकड्यात लिहिते, कारण तिकडची स्वयंपाकघरं संध्याकाळी उशिरा उघडतात. आणि एक वाक्य न चुकता घालते, 'जमत नसेल तर काही हरकत नाही, आम्ही आमची सोय करू.' नकार द्यायला जागा ठेवली की माणूस मोकळेपणाने खरं सांगतो. 'नाही' असं स्पष्ट कळलं तर बॅगेत ठेपले आणि खाकरे किती भरायचे ते इथेच ठरतं.

आभारासाठी माझं आवडतं वाक्य 'ले सारेई ग्राता', म्हणजे 'मी आपली आभारी राहीन'. माझा मजकूर कोणाला हवा असेल तर खुशाल घ्या. फक्त काकांच्या नावाने पाठवणार असाल तर 'ग्राता'चं 'ग्रातो' करा.