शेंगेनचा पूल आणि मामांचं व्याज

शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही काय करता? लॅपटॉप बॅगेत जातो आणि ग्रुपवर तोच सनातन प्रश्न पडतो, 'या वीकेंडला कुठे?' लोणावळा की ताम्हिणी यावर साठ-सत्तर मेसेज होतात आणि शेवटी सगळे आपापल्या घरी पिझ्झा मागवतात. बरोबर ना?

माझा मागचा एक वीकेंड मात्र घाटनांदूरला गेला. हे माझं आजोळ. बीड जिल्ह्यात, अंबाजोगाई तालुक्यात, परळी ते लातूर रोड या रेल्वेमार्गावरचं गाव. निमित्त होतं एका फोटोचं.

माझा मामेभाऊ नेदरलँड्समध्ये लायडनला कायद्याचं मास्टर्स करतोय. युनिव्हर्सिटी 1575 सालची. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही पंचावन्न वर्षं आधीची! आमच्या घरात पासपोर्ट काढणारा हा पहिलाच. त्यासाठी मामांनी चार एकर रान बँकेकडे गहाण ठेवलंय. तर शेजारच्या एका पोरानं मोबाइलवर मामांना भावाचा फोटो दाखवला. नदीवरचा पूल, गळ्यात मफलर, बत्तीस दात बाहेर. झालं!

"आम्ही इथं व्याज भरायलाव, अन् ह्यो तिथं पुलावर दात काढायलाय," मामा म्हणाले आणि दोन आठवडे त्याच्याशी बोललेच नाहीत. मामीनं मला बोलावून घेतलं. पेपरात लिहिते म्हणजे समजूतही काढता येत असेल, असा तिचा समज.

रविवारी दुपारी मी व्हिडिओ कॉल लावला. मामा पाठ करून बसले होते. खाटेवर आबा, म्हणजे आमचे आजोबा. नव्वदीला टेकलेत, पण कान शाबूत.

"ताई, अप्पांना सांग, मी उंडगायला नाही जात," भाऊ म्हणाला आणि त्यानं वीकेंडची यादीच वाचली. पहिला शनिवार हेगचा. लायडनहून ट्रेननं पंधरा मिनिटं. तिथला 1913 साली उघडलेला पीस पॅलेस त्यानं बाहेरून डोळे भरून बघितला. कुलभूषण जाधवांच्या खटल्याचा निकाल याच इमारतीतून लागला, 17 जुलै 2019 ला, पंधरा विरुद्ध एक मतानं. भारताची बाजू मांडणारे हरीश साळवे आपल्या नागपूरचे. ज्या निकालावर तो वर्गात टिपणं काढतो, त्याच्या दारात उभं राहिल्यावर म्हणे पोटात काहीतरी हललं.

आणि तो पूल? तो शेंगेनचा. आपण 'शेंगेन व्हिसा, शेंगेन व्हिसा' म्हणतो ना, ते लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं एक छोटंसं गाव आहे. 14 जून 1985 ला पाच देशांनी तिथं नदीतल्या बोटीवर करार केला की आपसातल्या सीमांवरची तपासणी हळूहळू बंद करायची. 1995 च्या मार्चमध्ये ती खरोखर थांबली. पुलाच्या पलीकडे पेर्ल नावाचं जर्मन गाव, आणि फ्रान्स तर हाकेच्या अंतरावर. भाऊ हाच कायदा शिकतोय. माणसानं एका देशातून दुसऱ्या देशात कधी, कसं आणि कुणाला विचारून जायचं, हा.

"पुस्तकात दोनशे पानं वाचली, पण पूल ओलांडला तेव्हा कळलं."

"तिकीट किती?" हा मामांचा पहिला शब्द. पाठ तशीच.

"लक्झेंबर्गमध्ये बस-ट्रेन फुकट आहे अप्पा, 2020 पासून. सगळ्यांना."

"सगळ्यांना?" आबा खाटेवरून म्हणाले. "आपल्याकडं यष्टी पंचाहत्तरीनंतर फुकट. तिथं पोरंबी पंचाहत्तरीचीच दिसायलेत!"

मामी हसली. मामांची पाठ हलली, पण वळली नाही.

मग आबांनी विचारलं, "पुलावर नाका नव्हता का रे?"

"नाका नव्हता आबा, पण पोलीस होते." जर्मनीनं 2024 च्या सप्टेंबरात सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली. पुलावरून आठ-दहा जण चालले होते. कार्ड मागितलं ते याला एकट्याला. बघितलं, परत दिलं, संपलं. "पण कायदा कागदावर सगळ्यांना सारखा असतो आन् पुलावर कसा असतो, ते त्या दोन मिनिटांत समजलं. त्यावरच प्रबंध लिहितोय."

आबा जरा वेळ गप्प राहिले. मग सांगायला लागले. तेव्हा आपण निजामाच्या राज्यात. वडिलांचं बोट धरून आबा लातूरहून छोट्या रेल्वेनं बार्शीच्या बाजारला जायचे. बार्शी इंग्रजांच्या हद्दीत. वाटेत करोडगिरीचा नाका. गाठोडी सोडून दाखवायची. इकडं चालायचा हाली सिक्का, तिकडं कळदार रुपया. "गाठोडं सोडताना माझ्या बापाचे हात थरथरायचे. चोरीचा माल नव्हता, तरीबी. 48 साली निजाम गेला, पुढं नाकाबी गेला. आता बार्शीला जाताना कुणी इचारत न्हाई, तर तुमास्नी त्याचं काय अप्रूप!"

मी मोबाइल धरून नुसती बसले. इतकी वर्षं आजोळी जातेय, पण ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. खरं तर मी कधी विचारलीच नव्हती.

आता मामा वळले. पोराकडे बघितलं. वाळलाय, हे त्यांना आणि मला एकदमच दिसलं.

"जेवतोस का?"

"पोळ्या करून नेतो डब्यात. तिकिटाचे पैसे माझेच आहेत अप्पा, हॉटेलात भांडी घासतो. आठवड्याला सोळा तासांपर्यंतच परवानगी आहे. वही आहे, दाखवू?"

त्यानं वही कॅमेऱ्यासमोर धरली. तारीख, तिकीट, कॉफी, शिल्लक. 'कॉफी'च्या रकान्यात बहुतेक ठिकाणी शून्य. मामांनी चष्मा लावून दोन पानं वाचली. व्याज कमी झालं नव्हतं, चार एकरही सुटले नव्हते. तरी ते खाकरले आणि म्हणाले, "पुढच्या शनिवारी कुठं?"

"स्ट्रासबर्ग. मानवी हक्कांचं कोर्ट आहे तिथं."

"जा. पण आदी घरी सांगून जा. दुसऱ्याच्या मोबाइलवर कळाया नको."

परतीच्या गाडीत मित्रांच्या ग्रुपवर मेसेज होता, 'नेक्स्ट वीकेंड कुठे?' मी लिहिलं, 'बार्शी.' सगळ्यांनी हसरे चेहरे पाठवले. मी मात्र आबांना विचारून ठेवलंय. फुकटच्या यष्टीनं का होईना, तो नाका कुठं होता ते ते दाखवणार आहेत.