धर्माची गाय आणि तिचे दात

दानात मिळालेल्या गायीचे दात मोजू नयेत, असा आपल्याकडे संकेत आहे. व्यवहारात तो सौजन्याचा असेल. संगणकाच्या आज्ञावलींबाबत मात्र तो घातक ठरण्याचा संभव आहे. अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्राचे अनेक विद्यार्थी आज प्रकल्पासाठी ‘आर’ ही मुक्त संगणकभाषा वापरतात. ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी ती रचली. जगभरच्या अभ्यासकांनी तिच्यासाठी विनामूल्य लिहून दिलेली २०,००० हून अधिक पॅकेजे ‘क्रॅन’ या १९९७ पासून चालत आलेल्या सामायिक भांडारात उपलब्ध आहेत. विकतच्या सॉफ्टवेअरचा परवाना ज्यांच्या आवाक्याबाहेर आहे, अशा पनवेलसारख्या ठिकाणच्या महाविद्यालयांना हे वरदानच होय. प्रश्न एवढाच, की या भांडारातील कोणत्या पॅकेजवर किती विसंबावे?

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे दिली जातात, आणि दोन्ही चुकीची आहेत. पहिले म्हणजे, जे फुकट ते कमअस्सल. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये असा निष्कर्ष मांडला, की सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या देशांचा सरासरी वृद्धिदर उणे ०.१ टक्के असतो. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने आपल्या प्राध्यापकांसह हीच आकडेमोड पुन्हा केली. तेव्हा तक्त्यातील सूत्राच्या चुकीमुळे पाच देश सरासरीतून सुटल्याचे दिसले. काही आकडे वगळण्यात आणि भार देण्याच्या पद्धतीतही दोष आढळले. दुरुस्तीनंतर तोच दर २.२ टक्के निघाला. ही आकडेमोड विकतच्या एक्सेलमध्ये केलेली होती. किंमत मोजल्याने अचूकता विकत मिळत नाही, हे यावरून उघड आहे.

दुसरे उत्तर याच्या उलट: सर्वजण वापरतात, म्हणजे कोणीतरी तपासलेच असेल. लिनक्सच्या बहुसंख्य आवृत्त्यांत असलेल्या ‘एक्सझेड’ या आज्ञावलीत दोन वर्षांहून अधिक काळ इमानाने काम करून विश्वास संपादन केलेल्या एका अज्ञात सहकाऱ्याने २०२४ मध्ये चोरदरवाजा बसविला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला संगणकात प्रवेश मिळण्यास सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले, त्याने मूळ शोधले, आणि अनर्थ टळला. कोट्यवधींच्या वापराने जे झाले नाही, ते एका चिकित्सक माणसाने केले.

मालाचा दर्जा ग्राहकास दिसत नसेल तर बाजार कसा बिघडतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवून दिले. येथे तर किंमतही नाही, आणि आयएसआयसारखा शिक्काही नाही. क्रॅनवर तपासणी होते. परंतु पॅकेज निरनिराळ्या संगणकांवर विनाअडथळा चालते किंवा नाही, नियम पाळते किंवा नाही, एवढीच. त्यातील संख्याशास्त्रीय पद्धत योग्य आहे, याची हमी कोणी देत नाही.

मग पारख कशी करावी? पॅकेज कोण सांभाळतो, शेवटची दुरुस्ती केव्हा झाली, दाखविलेल्या चुकांना उत्तर मिळते का, पद्धतीचा आधार कोणत्या ग्रंथात वा शोधनिबंधात आहे, ही प्राथमिक चौकशी झाली. काही पॅकेजांचे परीक्षण तज्ज्ञांकडूनही झालेले असते. उदाहरणार्थ, अनेक घटकांच्या अनेक वर्षांच्या आकडेवारीसाठीच्या ‘पीएलएम’ची माहिती २००८ मध्ये ‘जर्नल ऑफ स्टॅटिस्टिकल सॉफ्टवेअर’ या नियतकालिकात परीक्षणानंतर प्रसिद्ध झाली आहे. परंतु सर्वांत खरी कसोटी साधी आहे. ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असे पाठ्यपुस्तकातील उदाहरण त्या पॅकेजला सोडवावयास द्यावे. पवईच्या आयआयटीतील ‘फॉसी’ प्रकल्पात विद्यार्थी पाठ्यपुस्तकांतील सोडविलेली उदाहरणे सायलॅब, आर इत्यादी मुक्त साधनांत उतरवितात, आणि ती तपासून सर्वांना खुली केली जातात. हा पाठ आपल्या दाराशीच आहे.

यावर असा आक्षेप येईल, की बी.ए.च्या विद्यार्थ्याने आज्ञावली वाचावी ही अपेक्षा अवास्तव आहे. ती अपेक्षा नाहीच. तांदूळ घेणारा शेती करीत नाही. पण चार दाणे हातावर घेऊन पाहतो. प्रकल्पात पॅकेजचे नाव व आवृत्ती नोंदविणे आणि एका ज्ञात उदाहरणावर घेतलेली चाचणी जोडणे, एवढे प्रत्येकास साध्य आहे.

अडचण आहे ती वेगळीच. विश्वासार्हता ही सार्वजनिक वस्तू आहे. तिचा लाभ सर्वांस होतो, श्रम मात्र थोड्यांच्या माथी पडतात. म्हणूनच विद्यापीठांनी प्रकल्पाच्या गुणांत या चाचणीला स्थान द्यावे, आणि पॅकेजमधील चूक शोधून कळविणाऱ्या अध्यापकाच्या श्रमाची शैक्षणिक कार्य म्हणून नोंद घ्यावी. अन्यथा संगणकातून आलेला आकडा तो खराच, ही नवी अंधश्रद्धा आपणच पदवीचा शिक्का मारून समाजात पाठवीत राहू.