रेझिन कोणतं घेऊ? आधी क्लिप किती वाकते ते मोजा

रेझिन प्रिंटिंगच्या व्हिडिओत वेळ कमी पडला. त्यात जे राहिलं ते इथं लिहितो.

मागच्या महिन्यात आपल्याच तालुक्यातला एक पोरगा दुकानात आला. पाठीवरच्या फवारणी पंपाची दांडी टाकीला अडकवायला प्लास्टिकची क्लिप असते. ती तुटली की सुटी मिळत नाही, मग शेतकरी दांडी सुतळीनं बांधून ठेवतो. याला ती क्लिप बनवून विकायची आहे. कल्पना चांगली आहे, गिऱ्हाईक गावातच आहे. त्यानं तीन नमुने प्रिंट करून आणले होते, तिन्ही तुटलेले. म्हणे, "सर, मले असं रेझिन सांगा, वाकलं बी पायजे अन् कडक बी पायजे."

दहातले आठ जण हाच प्रश्न विचारतात, आणि माझं मत असं की प्रश्नच चुकीच्या टोकाकडून धरला आहे.

आधी तीन शब्द वेगळे करा. कडक म्हणजे वाकवायला जोर लागतो. लवचीक म्हणजे वाकून परत जागेवर येतं. चिवट म्हणजे तुटायच्या आधी बरंच सहन करतं. वाळलेली तुराटी कडक असते, पण कटकन मोडते. बांबूची कामटी कडकही असते आणि वाकतेही. साधं रेझिन म्हणजे तुराटी. डेटाशीटमध्ये यासाठी दोन आकडे बघायचे. मॉड्युलस म्हणजे कडकपणा, आणि 'इलाँगेशन ॲट ब्रेक' म्हणजे तुटेपर्यंत किती टक्के ताणलं जातं. फॉर्मलॅब्सच्या साध्या पारदर्शक रेझिनच्या आधीच्या आवृत्तीचे क्युअर केल्यानंतरचे आकडे साधारण २.८ गिगापास्कल आणि ६ टक्के. त्यांच्याच टफ १५०० च्या पहिल्या आवृत्तीचे १.५ गिगापास्कल आणि ५१ टक्के. टफ २००० च्या पहिल्या आवृत्तीचे २.२ आणि ४८. हे महाग रेझिन घ्याच असं मी म्हणत नाही. कोणत्याही कंपनीचं घ्या, पण हे दोन आकडे मागा. बाटलीवर 'एबीएस-लाईक' छापलंय एवढ्यावर पैसे देऊ नका.

आता त्या पोराची क्लिप. वाकणारा हात १० मिमी लांब, २ मिमी जाड, आणि दांडी आत जाताना तो दीड मिमी उघडतो. मी बीबीए, इंजिनिअर नाही, पण हे गणित दहावीच्या पोरालाही जमेल. दीड गुणिले जाडी गुणिले उघडणं, भागिले लांबीचा वर्ग. म्हणजे ४.५ भागिले १००, साडेचार टक्के ताण. सहा टक्क्यांना तुटणाऱ्या रेझिनला प्रत्येक वेळी साडेचार टक्के ताणलं तर ते किती दिवस टिकणार?

हात २० मिमी लांब केला तर ताण एक टक्क्याच्या जरा वर येतो. पण पकडही आठव्या हिश्शावर येते, दांडी निसटते. मग लांबी दुप्पट करताना जाडीही दुप्पट करायची, म्हणजे ४ मिमी. पकड पहिल्याइतकीच राहते आणि ताण निम्मा होतो, सव्वादोन टक्के. वाकलं बी अन् कडक बी! महागडं रेझिन घ्यायची गरजही पडली नाही. क्लिप मोठी झाली हे खरं, पण टाकीवर जागा होती. म्हणून मी म्हणतो, आधी आकार, मग रेझिन.

मग रेझिन निवडायचं कशावरून? शेवटी माल कशात निघणार त्यावरून. त्याची क्लिप पॉलिप्रॉपिलिनमध्ये, म्हणजे पीपीत निघणार. पीपीचा मॉड्युलस साधारण दीड गिगापास्कलच्या आसपास असतो, म्हणून नमुन्याचं रेझिनही त्याच कडकपणाचं पाहिजे. इथं मी स्वतः मार खाल्लाय. चार्जरची वायर धरायचा एक होल्डर मी साध्या रेझिनमध्ये काढला. मस्त घट्ट बसायचा. खूश होऊन डाय बनवून घेतली. पीपीचे नग आले आणि सगळे ढिले. कडकपणा जवळपास निम्मा, तर पकडही निम्मी. डाय बनवणाऱ्याची यात काही चूक नव्हती, त्यानं मी दिलेल्या मापात काम केलं. दुरुस्तीचा खर्च माझ्या खिशातून गेला आणि तो सीझनही गेला. नमुना दिसायला किती छान आहे ते सोडा, तो पुढच्या प्लास्टिकबद्दल खरं सांगतो का ते बघा.

आपल्या वऱ्हाडात आणखी एक भानगड आहे, ऊन. टफ १५०० च्या त्या पहिल्या आवृत्तीचं हीट डिफ्लेक्शन तापमान, म्हणजे ठरावीक वजनाखाली पट्टी वाकायला लागते ते तापमान, सुमारे ५२ अंश. मे महिन्यात अकोल्यात सावलीतच पारा ४५ च्या वर जातो, टिनाच्या शेडखाली काय होत असेल विचार करा. दांडी अडकवलेली क्लिप एक दिवस-रात्र शेडमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मिटते का बघा. ही चाचणी फुकट आहे, तरी कुणी करत नाही. काही जण क्युअरिंग लॅम्पचे पैसे वाचवायला नग छतावर टाकून विसरतात. उन्हातल्या अतिनील किरणांनी रेझिन कडक होत राहतं आणि शेवटी ठिसूळ होतं. आधी धुवा, पूर्ण सुकू द्या, मग कंपनीनं सांगितलेल्या वेळेइतकंच क्युअर करा. ओलं रेझिन उघड्या हातानं धरायचं नाही आणि धुतलेलं पाणी किंवा अल्कोहोल नालीत सोडायचं नाही, हेही आलं.

पोराचा शेवटचा प्रश्न होता, "डायले लई पैसे लागतात, तं पहिले शंभर नग रेझिनमध्येच विकू का?" मी नाही म्हटलं. फवारणीच्या औषधात, उन्हात ते रेझिन किती टिकेल याची हमी मी देऊ शकत नाही. क्लिप तुटली तर दांडी लोंबकळेल, एवढंच. पण आज क्लिप विकणारा उद्या व्हॉल्व्ह आणि नोझलची टोपी विकायला निघतो, आणि ते भाग दाबाखाली असतात. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलो नाही. गळणारा भाग विकून आपला धंदा उभा करायचा नाही.

तो थोडा नाराज होऊन गेला. आठवड्यानं नवीन मापाचा नमुना घेऊन आला, पीपीच्या जवळच्या रेझिनमध्ये काढलेला. काउंटरवर बसून आम्ही दोनशे वेळा दांडी आत-बाहेर केली, क्लिप शाबूत. शेडची चाचणी बाकी आहे. ती पास झाली की मगच डायचं कोटेशन मागायचं, असं ठरलंय.