तळाच्या गाळाला इतिहास नसतो? (धागा)

१/ नागपूरचा इतिहास म्हटला की देवगडचे गोंड राजे, रघूजी भोसले आणि १८१७ ची सीताबर्डीची लढाई एवढ्यावर लेखण्या थांबतात. या शहरात तेलविहीर नाही, तेलशुद्धीकरण कारखाना नाही. मग जड खनिज तेलाच्या रसायनाशी त्याचा संबंध तो काय, असे विचारले जाते. हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे.

२/ कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी आपली संपत्ती मृत्युपत्राद्वारे नागपूर विद्यापीठाला दिली. अट एकच, ती उपयोजित विज्ञान व रसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी वापरावी. मंदिर नव्हे, धर्मशाळा नव्हे, प्रयोगशाळा. त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली.

३/ तेले, पेट्रोरसायने, रंगलेप असे विषय तेथे शिकवले गेले. आज दात्याचे नाव ‘एलआयटी’ या तीन अक्षरांत विरले आहे. तलवारीचे वजन तोंडपाठ असणाऱ्या इतिहासप्रेमींना या मृत्युपत्राचे मोल कळू नये, ही खेदाची गोष्ट होय.

४/ आता त्या गाळाकडे वळू. कच्च्या तेलाचे ऊर्ध्वपातन केले की पेट्रोल, केरोसीन, डिझेल वर निघून जातात. निर्वात ऊर्ध्वपातनानंतरही तळाशी जे उरते, त्यापासून रस्त्याचे बिटुमेन बनते. मराठीत त्याला सर्रास ‘डांबर’ म्हणतात. पण खरे डांबर कोळशापासून निघते. डांबरगोळ्यांतील नॅप्थलीनचा उगम तोच. दोन भिन्न पदार्थ, एकच नाव!

५/ १८३७ च्या सुमारास फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसँगो यांनी बिटुमेनच्या अवशेषातील एका घन भागाला ‘ॲस्फाल्टीन’ हे नाव दिले. तो अल्कोहोलात विरघळत नसे, टर्पेंटाइनमध्ये विरघळे. आजही व्याख्या त्याच धर्तीची आहे: हेप्टेनमध्ये अविद्राव्य, टोल्युइनमध्ये विद्राव्य. म्हणजे ॲस्फाल्टीन हा एक रेणू नव्हे, हजारो रेणूंचा समुदाय आहे.

६/ येथेच चुकीची परंपरा सुरू झाली. रेणुभार मोजू जाता आकडे हजारोंच्या, कधी त्याहूनही वरच्या घरात येत. कारण ॲस्फाल्टीनचे रेणू एकमेकांना चिकटून पुंज करतात. मोजला जाई तो पुंज, आणि नोंद होई रेणूची. १९६० च्या दशकात ते फू येन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने थरांवर थर रचलेल्या वलयांची रचना मांडली.

७/ पुढे प्रतिदीप्ती मापनांतून सरासरी रेणुभार अवघा ७५० च्या आसपास असल्याचे दिसले. २०१५ मध्ये झुरिकच्या प्रयोगशाळेत अणुबल सूक्ष्मदर्शकाने एकेका रेणूची प्रतिमा टिपली: मध्यभागी जोडलेली कार्बन-वलये, कडेला शृंखला. तरीही सर्वच रेणू एकाच घडणीचे असतात, असे मानता येत नाही.

८/ ‘गाळात काय असते?’ म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक पुरावा. १९३० च्या दशकात आल्फ्रेड ट्राइब्स यांनी खनिज तेलात पॉर्फिरिने शोधली. ती हरितद्रव्याची वंशज! मॅग्नेशियमची जागा व्हॅनेडियम वा निकेलने घेतलेली. तेलाचे मूळ प्राचीन सजीवांत आहे, याची साक्ष त्या काळ्या तेलातच जपलेली होती.

९/ हाच निकेल-व्हॅनेडियम शुद्धीकरणातील उत्प्रेरक निकामी करतो. ॲस्फाल्टीन साचून नळ तुंबतात. नागपूरच्या उन्हाळ्यात रस्ता टिकतो की पाझरतो, हेही बिटुमेनच्या घटकांवर बरेच अवलंबून असते. म्हणून भारतात बिटुमेनची प्रत ६० अंश सेल्सिअसला मोजलेल्या श्यानतेवरून ठरते.

१०/ राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जुने कागद गोळा केले, तेव्हा अनेकांच्या लेखी ती रद्दीच होती. गाळाला निरुपयोगी म्हणणारे तीच चूक करतात. पुंजाला रेणू समजणे आणि बखरीतील अफवेला घटना समजणे, हे दोष सख्खे भाऊ आहेत. दोन्हींवर उतारा एकच: साधन पुन्हा तपासणे.

११/ २०२३ मध्ये लक्ष्मीनारायण संस्थेला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आता तरी नागपूरच्या इतिहासाच्या पुस्तकांत किल्ल्याशेजारी प्रयोगशाळेला एक प्रकरण मिळावे. दात्याने दिलेले धन कागदोपत्री नोंदलेले आहे. त्यामागची दृष्टी नोंदवण्याचे काम मात्र तरुण अभ्यासकांचे आहे.