पानिपत म्हणण्याची लायकी

पानिपताइतकं राबवून घेतलेलं गावाचं नाव मराठीत दुसरं नसेल. पोरगा गणितात नापास? पानिपत! लाडवांचा पाक बिघडला? पानिपत! दिल्लीहून अमृतसरला सहकुटुंब मोटारीने जाताना आम्ही मुद्दाम वाट वाकडी करून काला अंबच्या स्मारकाशी थांबलो, तर आमच्या मेहुण्यांनी तिथंही तोच शब्द वापरला. कारण? डब्यातली चटणी सांडली होती!

जिथं १४ जानेवारी १७६१ ला, रसद तुटलेलं उपाशी सैन्य लढायला उतरलं, तिथं चटणीचं पानिपत! मग पराठे खाता खाता खटला उभा राहिला. चूक भाऊंची की होळकरांची? अडीचशेहून अधिक वर्षं रेंगाळलेल्या या खटल्याचा निकाल मेहुण्यांनी पाच मिनिटांत लावला आणि इथं चादरी स्वस्त कुठं मिळतात, याची चौकशी सुरू केली.

चादरी घ्या हो, खुशाल घ्या. माझं भांडण वेगळंच आहे. आपण ही गोष्ट अर्ध्यावर सोडतो. याच रणातून पायाला जखम घेऊन निसटलेले महादजी शिंदे जन्मभर लंगडत चालले; पण १७७१ मध्ये मराठी फौजा पुन्हा दिल्लीत होत्या. अवघ्या दहा वर्षांत!

तेव्हा पोरगा पुन्हा परीक्षेला बसणार असेल, तर जरूर म्हणा पानिपत झालं. नुसतंच कपाळाला हात लावून बसायचं असेल, तर त्याला मराठीत साधा शब्द आहे. फजिती!