'सर्रास' म्हणण्याआधी तपासा, मोजा

सिकलसेलबद्दल आपल्या वस्त्यांत दोन वाक्ये नेहमी कानावर येतात. एक, 'आपल्या लोकांत हा आजार सर्रास आहे.' दुसरे, 'आमच्या घराण्यात असले काही नाही.' दोन्ही वाक्ये न तपासता बोलली जातात आणि दोन्हींनी नुकसान होते. आजार किती पसरला आहे हे सांगणारा शब्द औषधाइतकाच जपून वापरला पाहिजे, असे आमचे मत आहे.

आधी वस्तुस्थिती पाहू. विदर्भातील बौद्ध समाजात आणि अनेक आदिवासी समाजांत सिकलसेलचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. हे लपवण्यात अर्थ नाही. पण 'जास्त' म्हणजे 'सर्रास' नव्हे. या समाजांतही बहुसंख्य माणसांना हा दोष नाही. ज्यांना आहे त्यांतलेही बरेचसे केवळ वाहक असतात. वाहकाला आई किंवा वडील, यांपैकी एकाकडूनच दोष मिळालेला असतो. तो सहसा निरोगी असतो, कष्टाची कामे करतो, संसार करतो. आई आणि वडील, दोघांकडूनही सिकलसेलचा दोष आला, तर बाळ रुग्ण होते. 'सर्रास' म्हणताना आपण निरोगी, वाहक आणि रुग्ण, तिघांनाही एकाच गाठोड्यात बांधतो.

याचा पहिला फटका मुलींना बसतो. भाऊ रुग्ण असला की 'त्या घरात सगळ्यांनाच आहे' असे म्हणून स्थळ परत जाते. बहिणीचे रक्त कुणी तपासलेलेच नसते. ती वाहक असेल, किंवा तिला काहीच नसेल. वाहक असली तरी नवऱ्याला दोष नसेल तर त्यांच्या मुलांना सिकलसेलचा आजार होत नाही. फार तर मूल वाहक होईल.

बाहेरचे लोकही 'हा तुमच्यातच असतो' असे म्हणून मोकळे होतात. त्यांना उत्तर देता आले पाहिजे. हा आजार आफ्रिकेत आहे, सौदी अरेबियात आहे, ग्रीसमध्येही आहे. भारतात तो प्रथम 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींत नोंदवला गेला. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे हा दोष टिकला, कारण वाहकाला मलेरियाच्या गंभीर दुखण्यापासून काहीसे संरक्षण मिळते. त्याचा संबंध डासांशी आणि प्रदेशाशी आहे. जातीच्या उच्चनीचतेशी तो जोडणे हा निव्वळ अडाणीपणा आहे.

उलट बाजूही तितकीच घातक. 'आपल्याकडे क्वचितच असतो' म्हटले की लेकराचे सांधे दुखणे, हातापायांवर सूज येणे, वारंवार कावीळ होणे, रक्त कमी असणे, हे सगळे वाताच्या किंवा नजर लागल्याच्या खाती जाते. वर्षे वाया जातात. या आजारावर उपचार आहेत. पण निदान झाले तरच ते मिळतात.

'बहुतेक' या शब्दापासूनही सावध राहावे. 'बहुतेक बाळांना होतो' म्हणजे शंभरातल्या पुष्कळांना. 'बहुतेक त्यांच्या सुनेला आहे' म्हणजे नुसता अंदाज. बोलणारा अंदाज सांगतो, ऐकणारा तो खात्रीचा समजतो आणि चार घरे पुढे जाईपर्यंत त्याची बातमी होते.

'चारांत एक' हेसुद्धा नीट समजून घ्यावे. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळ रुग्ण होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक होण्याची 50 टक्के आणि दोषमुक्त असण्याची 25 टक्के असते. पहिले मूल रुग्ण झाले म्हणून पुढची तीन सुरक्षित, असा त्याचा अर्थ नाही. हा हिशेब दर वेळी नव्याने सुरू होतो.

म्हणून आमची विनंती आहे. विहारात किंवा महिला मंडळात बोलताना 'घरोघरी', 'सगळीकडे', 'कुणालाच नाही' हे शब्द टाळू या. किती जणांची तपासणी झाली, त्यांत वाहक किती, रुग्ण किती, एवढेच सांगू या. नावे मात्र सांगू नयेत. ती त्या त्या घराची बाब आहे. आरोग्य केंद्राला अर्ज देतानाही 'वस्तीत आजार फार आहे' असे लिहिण्यापेक्षा किती घरांपैकी किती घरांत रुग्ण आहेत आणि किती जणांची तपासणी राहिली आहे, ते लिहावे. मोघम अर्ज बाजूला ठेवणे सोपे असते. आकडा असलेल्या अर्जाला उत्तर द्यावे लागते.

लग्नाआधी दोघांची, आणि ते राहून गेले असेल तर गर्भारपणाच्या सुरुवातीलाच दोघांची तपासणी करावी. पहिल्या साध्या चाचणीत दोष आहे एवढेच कळते. वाहक की रुग्ण हे पुढच्या चाचणीतच ठरते. तोवर कुणावर शिक्का मारू नये.

सगळे म्हणतात म्हणून खरे मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितले. असत्य न बोलण्याचे शील आपण रोज घेतो. न मोजता 'सर्रास' म्हणणे आणि न तपासता 'नाही' म्हणणे, दोन्ही त्या शीलात बसत नाही.

जय भीम!